डिंगची ५५वी चाल, टाइम ट्रबल आणि हातच्या गेलेल्या संधी

सांगलीकर_उंट (धागाकर्ता)

उन्हाळी स्पर्धा तोंडावर आल्यात. नूतन बुद्धिबळ मंडळाच्या आणि भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीत ओपनिंगवर बोलणारे शंभर भेटतात, घड्याळावर आणि टाइम ट्रबलवर (वेळ संपत आल्यावरच्या अडचणीवर) बोलणारे फार कमी. म्हणून हा धागा.

सुरुवात सिंगापूरच्या जगज्जेतेपद सामन्यातल्या १४व्या डावापासून करू. १२ डिसेंबर २०२४, डिंग लिरेन पांढरा, गुकेश काळा, गुण ६.५–६.५. गुकेशच्या ५४व्या चालीनंतरची स्थिती पटावर मांडून घ्या, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. (घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी ओळ; चालीच्या आकड्यापुढे तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल; ! म्हणजे उत्तम चाल, ?? म्हणजे ढोबळ चूक.)

पांढरा: राजा जी१, हत्ती एफ४, उंट ए८, प्यादं जी३.
काळा: राजा ई५, हत्ती बी२, उंट ई६, प्यादी एफ५ आणि जी४.

दोन्ही उंट पांढऱ्या घरांचे. काळ्याचं एक प्यादं जास्त, पण सगळी प्यादी एकाच बाजूला. असा शेवट बहुतेक वेळा बरोबरीत सुटतो. डिंगने ५५. हत्ती एफ२ खेळली आणि चार चालींत जगज्जेतेपद गेलं:

५५...हत्तीने एफ२ मारला ५६. राजाने एफ२ मारला, उंट डी५! ५७. उंटाने डी५ मारला, राजाने डी५ मारला ५८. राजा ई३, राजा ई५. डिंगने डाव सोडला.

बातम्यांत सगळीकडे 'दडपणाखाली चूक' एवढंच छापून आलं. ती चूक नेमकी कशी घडते, आणि आपल्या पातळीवर ती टाळायला घड्याळ कसं वापरायचं, त्यावर लिहा. 'कॉम्प्युटर काय म्हणतो' याचे स्क्रीनशॉट कृपया नकोत.

वजीरबळी

पहिली गोष्ट, ५५व्या चालीला हत्ती हलवायची सक्तीच नव्हती. काळा राजा ई५ वर आल्यावर तो एफ४ च्या हत्तीला भिडलेला दिसतो, पण त्या हत्तीला जी३ च्या प्याद्याचा जोर आहे. राजा तो मारूच शकत नाही. आणि हलवायचाच तर ए४ मोकळं होतं, चौथी ओळ धरून बसता आलं असतं. बी४, सी४, डी४ ही घरं मात्र वर्ज्य: तिथे अनुक्रमे हत्ती, उंट आणि राजा टिपायला बसलेत. घड्याळ पळत असताना ही तीन घरं एकेक करून तपासण्यापेक्षा 'हत्ती मारामारी करून मोकळं होऊ' हे सोपं वाटतं. चूक तिथे जन्माला आली.

दुसरी गोष्ट, खरी मेख उंटाच्या घरात आहे. ५२व्या चालीला गुकेशने हत्ती बी२ वर आणला, तेव्हा पांढरा उंट बी७ वर होता आणि हत्तीच्या माऱ्यात आला. तो वाचवणं भागच होतं. डिंगने तो कोपऱ्यात, ए८ ला ठेवला. ए८ वरून उंटाला एकच कर्ण मिळतो: बी७, सी६, डी५... त्यामुळे हत्ती गेल्यावर काळा उंट डी५ ला बसला की पळायला वाट नाही. बी७ ला जा, सी६ ला जा, अदलाबदल टळत नाही. हाच उंट ५३व्या चालीला सी६ वर ठेवला असता तर त्याला ए४–ई८ हा दुसरा कर्ण मिळाला असता आणि 'उंट डी५' मधली हवाच गेली असती.

म्हणजे चूक ५५वी, पण खड्डा ५३व्या चालीला खणलेला.

मिरज_जंक्शन

वजीरबळी +१. पण याला टाइम ट्रबल म्हणायचं का? ४० चाली केव्हाच झाल्या होत्या. ४१व्या चालीपासून दर चालीला ३० सेकंद मिळत होते. झेंडा पडायची (वेळ संपून डाव जायची) भीती नव्हती.

पटावरचा_पंच

मिरजकर, प्रश्न रास्त आहे. आधी त्या सामन्याची वेळ सांगतो, कारण लोक ती ९०+३० (९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद वाढ) समजून बोलतात.

सिंगापूरला पहिल्या ४० चालींना १२० मिनिटं होती, आणि त्या ४० चालींत एकही सेकंद वाढीव नाही. ४० झाल्या की ३० मिनिटं मिळणार आणि ४१व्या चालीपासून दर चालीला ३० सेकंद. याचा फटका डिंगला तिसऱ्या डावातच बसला होता. ३७व्या चालीशी त्याची वेळ संपली. पटावर तो हरतच होता, पण निकाल लागला तो घड्याळावर.

आपल्याकडे क्लासिकल स्पर्धेत सहसा ९० मिनिटं, ४० चालींनंतर ३० मिनिटं, आणि पहिल्या चालीपासून ३० सेकंद वाढ असते. हिशेब करा: ४० चालींची वाढ २० मिनिटं, म्हणजे एकूण ११० मिनिटं, एका चालीला पावणेतीन मिनिटं. सिंगापूरला एका चालीला सरळ तीन मिनिटं. सरासरी जवळपास सारखीच, पण चव वेगळी. वाढ नसेल तर शेवटच्या पाच चालींना पाच सेकंदही उरू शकतात. वाढ असेल तर निदान अर्धं मिनिट हातात असतंच.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: झेंडा पडण्याची भीती आणि वेळेचा ताण या दोन वेगळ्या गोष्टी. वाढीव ३० सेकंदांत तुम्ही जिवंत राहता, पण प्याद्यांचा शेवट मुळापासून मोजायला ३० सेकंद पुरत नाहीत. १४व्या डावाच्या शेवटी गुकेशकडे डिंगपेक्षा कितीतरी जास्त वेळ शिल्लक होता. बरोबरीची स्थिती पिळत बसायला त्याला काही खर्च येत नव्हता, प्रत्येक चालीचा खर्च समोरच्याला होता.

तासगावची_द्राक्षे

मला उलट बाजू मांडायची आहे. 'वेळ नव्हता म्हणून चुकला' हे स्पष्टीकरण सगळीकडे चिकटवलं जातं. २०१४ च्या सोचीतल्या कार्लसन–आनंद जगज्जेतेपद सामन्याचा सहावा डाव घ्या. कार्लसन पांढरा, २६. राजा डी२?? ही ढोबळ चूक. आनंदला २६...घोड्याने ई५ मारला! ही चाल होती. २७. हत्तीने जी८ मारला तर घोडा सी४ चं प्यादं शह देऊन मारतो, २८. राजा डी३, घोडा बी२ पुन्हा शह, २९. राजा ई२ आणि मग निवांत हत्तीने जी८ मारायचा. दोन प्यादी खिशात. आनंदने २६...ए४ खेळली आणि पुढे डाव हरला. दोघांपैकी कुणीही टाइम ट्रबलमध्ये नव्हता.

क्रॅमनिक तर २००६ मध्ये बॉनला डीप फ्रिट्झ या कॉम्प्युटर प्रोग्रामसमोर ३४...वजीर ई३ खेळून एका चालीच्या मातमध्ये सापडला (३५. वजीर एच७ मात). तिथेही घड्याळ निर्दोष.

म्हणजे हातची संधी जाण्याचं कारण वेळ हेच एक नाही. आनंदच्या डावात तर जास्त वेळ घेतला गेला असता तर फरक पडला असता! आपल्या बेतात मग्न असताना समोरच्याची शेवटची चाल 'नेहमीसारखीच असेल' असं धरून चालणं, हे खरं दुखणं.

वजीरबळी

द्राक्षेबुवा, मान्य. पण दोन्ही रोगांवर औषध एकच आहे: समोरच्याने चाल केली की आपला बेत बाजूला ठेवून आधी विचारायचं, 'या सोंगटीने काय सोडलं?' राजा डी२ वर आला, त्याने कोणतं घर सोडलं, कोणत्या शहाच्या माऱ्यात आला? याला दहा सेकंद लागतात. टाइम ट्रबलमध्ये माणूस सगळ्यात आधी हेच दहा सेकंद कापतो. वेळ भरपूर असताना सवय नसेल तर तो ते तेव्हाही खर्च करत नाही, एवढाच फरक.

कृष्णाकाठ

२०२१ च्या दुबईचा सहावा डाव विसरू नका, कार्लसन–नेपोम्नियाची, १३६ चाली, पावणेआठ तास, जगज्जेतेपदाच्या इतिहासातला सर्वात लांब डाव. तिथे ६० चालींपर्यंत वाढीव सेकंद नव्हते. चाळिसाव्या चालीआधीच्या धावपळीत दोघांनीही चांगल्या संधी सोडल्या. नंतर कार्लसनने शांतपणे पिळून काढलं ते सगळ्यांच्या लक्षात राहतं, ती धावपळ कुणी बघत नाही. खरं तर शिकण्यासारखा भाग तोच.

आणि इव्हान्चुक! लंडन २०१३ च्या कॅन्डिडेट्समध्ये (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत) पाच डाव वेळेवर हरला आणि त्याच स्पर्धेत कार्लसन आणि क्रॅमनिक दोघांनाही हरवलं. बुद्धी किती आणि घड्याळ किती, याचं याहून बोलकं उदाहरण नाही.

हळद_बाजार

मुलगी अंडर-१३ खेळते. वरचं सगळं वाचलं, समजलं. पण प्रत्यक्षात तिला काय सांगायचं? 'वेळ सांभाळ' म्हटलं की ती भराभर खेळून हरते, 'विचार कर' म्हटलं की १८व्या चालीला १५ मिनिटं राहिलेली असतात.

वजीरबळी

हळदताई/दादा, 'वेळ सांभाळ' ही सूचनाच नव्हे, आकडे द्या. ९०+३० साठी घड्याळात दिसणारी शिल्लक अशी ठेवायला सांगा: १० चालींनंतर ८० मिनिटं, २० चालींनंतर ५५, ३० चालींनंतर ३०, आणि ४०व्या चालीला किमान १०. याचा अर्थ पहिल्या दहा चालींना १५ मिनिटं, ११ ते ३० या वीस चालींना एक तास, शेवटच्या दहाला २५ मिनिटं. वाढीव सेकंद यात धरलेले आहेत.

स्कोअरशीटवर दर पाच चालींनंतर चालीशेजारी शिल्लक मिनिटं लिहायची. घड्याळातली वेळ स्कोअरशीटवर लिहायला नियमात परवानगी आहे (पंचसाहेब, चुकत असेन तर सांगा). घरी आल्यावर डाव तपासताना चालींआधी तो वेळेचा रकाना बघा. मुलांचा वेळ कठीण स्थितीत जात नाही. दोन सारख्याच चांगल्या चालींमधून एक निवडताना जातो: हत्ती डी१ की ई१, उंट ई२ की डी३. तिथे नियम ठेवा, तीन मिनिटांत फरक सापडला नाही तर जी चाल नंतर सुधारता येईल ती खेळ.

लांब विचार राखून ठेवायचा तो चार जागी: प्यादं ढकलताना (ते मागे येत नाही), सोंगटी अदलाबदल करताना, राजाभोवतीची प्यादी हलवताना, आणि डावाचा प्रकार बदलताना. म्हणजे वजीर जाऊन शेवटचा डाव उरणार, किंवा हत्ती-उंट जाऊन नुसती प्यादी उरणार. डिंगची ५५वी चाल यातल्या दोन प्रकारांत बसते. त्याच्या जागी घड्याळात दहा मिनिटं असतील तर त्यातली आठ तिथे खर्चायला हरकत नव्हती, कारण हत्ती गेल्यावर फार विचार करण्यासारखं काही उरतच नव्हतं.

पटावरचा_पंच

वजीरबळी बरोबर. स्कोअरशीटवर चाली, घड्याळातली वेळ, बरोबरीचे प्रस्ताव आणि दाव्याशी संबंधित नोंदी लिहिता येतात. 'राजा जपून' असली स्वतःसाठीची टिपणं लिहिता येत नाहीत. चाल करायच्या आधी लिहूनही ठेवता येत नाही, फक्त बरोबरीचा दावा करायचा असेल तर लिहायची.

टाइम ट्रबलमध्ये पोरं काय काय घालवतात ते सांगतो, कारण यात पटावरचं काहीच नसतं, नुसतं नियमांचं असतं.

ज्या स्पर्धेत दर चालीला ३० सेकंद किंवा त्याहून जास्त वाढ आहे, तिथे शेवटपर्यंत चाली लिहायलाच लागतात, शिल्लक एक मिनिट असो की दहा सेकंद. पाच मिनिटांखाली आल्यावर लिहिणं थांबवायची मुभा फक्त तेवढी वाढ नसेल तेव्हा. रॅपिडमध्ये (कमी वेळेच्या जलद डावांत) लिहायची सक्तीच नाही.

ज्या हाताने चाल, त्याच हाताने घड्याळ. उजव्या हाताने घोडा आणि डाव्याने घड्याळ, हे चालत नाही.

नियमबाह्य चाल करून घड्याळ दाबलं की पहिल्या वेळी समोरच्याला दोन मिनिटं मिळतात, दुसऱ्या वेळी डाव जातो. क्लासिकलमधली बहुतेक प्रकरणं शेवटच्या दोन-तीन मिनिटांतली: राजा शहात असताना दुसरीच सोंगटी हलवली, किंवा प्यादं आठव्या घरात ढकललं आणि वजीर न ठेवताच घड्याळ दाबलं. जादा वजीर हाताशी नसेल तर घड्याळ थांबवून पंचाला बोलवायचं. त्यासाठी घड्याळ थांबवायचा हक्क आहे. उलटा हत्ती ठेवून 'वजीर' म्हणू नका, तो हत्तीच धरला जातो.

आपल्या चालीने तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार म्हणून बरोबरी हवी असेल, तर चाल पटावर करायची नाही. स्कोअरशीटवर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि दावा सांगायचा. आधी चाल केली तर त्या वेळचा हक्क गेला. दावा चुकीचा ठरला तर समोरच्याला दोन मिनिटं. स्थिती पाचव्यांदा आली तर मात्र पंच स्वतः डाव बरोबरीत सोडवतो, दाव्याची गरज नाही.

मिरज_जंक्शन

४० चाली झाल्या की नाही हे घड्याळ सांगतं ना? मग मोजायचं कशाला?

पटावरचा_पंच

नाही सांगत, निदान प्रत्येक वेळी नाही. डिजिटल घड्याळ दोन पद्धतीने लावता येतं. एकात चालींचा मोजणारा चालू असतो आणि ४०वी चाल दाबली की ३० मिनिटं लगेच जमा होतात. दुसऱ्यात पहिली वेळ शून्यावर आली तरच पुढची ३० मिनिटं जमा होतात, मग चाली ४० झाल्या की ३५, घड्याळाला त्याचं सोयरसुतक नाही. ते पंच तपासतो. पहिल्या पद्धतीतही घोळ होतो: एखाद्याने घड्याळ दाबायचं राहून गेलं, किंवा नियमबाह्य चालीनंतर घड्याळ मागे घेतलं, की मोजणी एकाने घसरते.

म्हणून स्कोअरशीट हाच पुरावा. एखादी चाल लिहायची राहिली आहे अशी शंका असेल तर ४१वी चालही वेळेत करून टाका, मगच उठा. आणि स्पर्धेची वेळ पहिल्या फेरीआधी सूचनाफलकावर स्वतः वाचा. २०१५ च्या नॉर्वे चेसमध्ये टोपालोवसमोर कार्लसन जिंकत होता. ६० चालींनंतर आणखी वेळ मिळेल असं धरून तो विचार करत बसला. त्या स्पर्धेत तशी वेळ नव्हती. झेंडा पडला, डाव गेला. जगज्जेता होता तेव्हा तो.

हळद_बाजार

खूप उपयोगी. रॅपिडला हेच आकडे कसे बसवायचे? आमच्याकडच्या एकदिवसीय स्पर्धा १५+१० च्या असतात.

वजीरबळी

१५+१० म्हणजे ६० चालींना २५ मिनिटं, चालीला २५ सेकंद. इथे टप्पे फक्त दोन: १५ चालींनंतर ११ मिनिटं, ३० चालींनंतर ५. पाच मिनिटांखाली गेल्यावर नवीन बेत आखायचे नाहीत. सोंगट्या एकमेकांना जोर देतील अशा ठेवायच्या, राजा शहापासून लांब, आणि समोरच्याला चुकायला जागा द्यायची. २८ जुलै २०२५ चा बातुमीचा, महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीचा टायब्रेक याच वेळेचा होता. नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवलं तो दुसरा रॅपिड डाव मुलीला घड्याळासकट दाखवा. हम्पी वेळेच्या ताणात होती आणि दिव्या स्थिती गुंतागुंतीची ठेवत राहिली. समोरच्याच्या घड्याळात दोन मिनिटं असताना सोप्या अदलाबदली करून त्याला सुटका देणं, हा आपल्या पोरांचा आवडता उद्योग आहे.

तासगावची_द्राक्षे

यावर मात्र एक इशारा. समोरचा टाइम ट्रबलमध्ये आहे म्हणून आपणही भराभर खेळायला लागणं, हा सर्वात महाग प्रकार. त्याची वेळ संपवायच्या नादात आपली वीस मिनिटं शिल्लक असताना चूक होते. तो विचार करत असताना त्याच्या वेळेत योजना बघा, आणि आपली चाल आली की आपल्या वेळेत मारामारी मोजा.

कृष्णाकाठ

सिंगापूरच्या शेवटाकडे परत येऊ का? ५८...राजा ई५ नंतर डिंगने लगेच हात पुढे केला. आपल्या क्लबात ही स्थिती मांडली तर निम्म्या मुलांकडून ती बरोबरीत सुटेल. पांढरा राजा ई३, प्यादं जी३, काळा राजा ई५, प्यादी एफ५, जी४, चाल पांढऱ्याची. ५९. राजा डी३ ला ५९...एफ४ ६०. प्याद्याने एफ४ मारून शह, राजाने एफ४ मारला ६१. राजा ई२, राजा जी३ ६२. राजा एफ१, राजा एच२ आणि प्यादं वजीर होतं. हे सोपं. ५९. राजा एफ२ ला मात्र ५९...राजा ई४ आणि मग एफ४ ढकलायचं, बरोबर?

वजीरबळी

तिथेच डाव सुटतो, कृष्णाकाठ. ५९...राजा ई४ ६०. राजा ई२ आणि आता समोरासमोरची जागा (ऑपोझिशन: राजे समोरासमोर आणि चाल दुसऱ्याची) पांढऱ्याकडे गेली. ६०...एफ४ ६१. प्याद्याने एफ४ मारला, राजाने एफ४ मारला ६२. राजा एफ२, साफ बरोबरी. काळा राजा प्याद्याच्या पुढे जाऊच शकत नाही.

५९. राजा एफ२ ला उत्तर ५९...राजा डी४! ६०. राजा ई२ आला की मग ६०...राजा ई४, आता चाल पांढऱ्याची आणि त्याला बाजू सोडावीच लागते. ६१. राजा एफ२ तर ६१...राजा डी३, पुढे ई२ पर्यंत शिरून जी३ चं प्यादं टिपायचं. मुलांना ही स्थिती घड्याळात दोन मिनिटं लावून काळ्याकडून खेळायला द्या, वाढीव सेकंद शून्य. एफ५ चं प्यादं कोण आधी ढकलतं ते बघा.

सांगलीकर_उंट

रविवारी मांडतो. दोन पट, दोन घड्याळं: एकावर ५३व्या चालीआधीची स्थिती (पांढरा उंट बी७, काळा राजा जी५, पांढरा हत्ती ए४), दुसऱ्यावर वरचा प्याद्यांचा शेवट. पहिल्या पटावर पांढऱ्याला १० मिनिटं अधिक ३० सेकंद, काळ्याला एक तास. पंचकाका, घड्याळ दोन्ही बाजूंना वेगवेगळी वेळ देऊन लावायला तुम्ही लवकर या.